बाड्यावरची बुर्जी

बुर्जी म्हणजे अंड्याची भुर्जी नव्हे हो! आमच्या जुन्या बुद्धिबळातला शब्द आहे. समोरच्याची सगळी मोहरी मारून नुसता राजा उरवलात की डाव बुर्जी, म्हणजे बरोबरीत सुटला. म्हणून जिंकायचं असेल तर त्याच्याकडे एखादं प्यादं तरी शिल्लक ठेवून मात करावी लागे. ग्वाल्हेरात महाराज बाड्यावर, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, दुकानांपुढच्या ओट्यावर, संध्याकाळी पट मांडला जायचा तो ह्याच कायद्यानं. खेळणाऱ्यांपेक्षा शिकवणारेच जास्त, त्यात मीही एक आगाऊ.

माझे वडील तिथले जुने खेळाडू. संस्थान विलीन झालं तेव्हा ओट्यावर बसूनच म्हणाले होते, "महाराजांची बुर्जी झाली. राजा पटावर, मोहरं एक नाही." सगळे हसले. हसण्यासारखं काय होतं त्यात, डोंबल! पुढे राज्यांची पुनर्रचना झाली, राजधानी भोपाळला गेली आणि बाबांच्या कचेरीलाही तिकडे जायचा हुकूम आला.

आई तेव्हा खाटेला खिळलेली. तिला हलवू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणजे गेले तर बाबा एकटे जाणार. त्यांचे रोजचे जोडीदार, दाल बाजारातले एक सेठजी, त्यांच्यामागे लागले होते, "भाऊसाहब, इस्तीफा दे दीजिए. मेरी गद्दी पर बैठिए, हिसाब देखिए." बाबा ना हो म्हणत, ना नाही. आई रोज मला विचारायची, "काही बोलले का रे?" माझा जीव टांगणीला.

मग एका संध्याकाळी पट मांडताना बाबा म्हणाले, "आज हरलो तर भोपाळ. नाही हरलो तर तुमची गद्दी." असं माझं डोकं फिरलं! घरात बायको आजारी, आणि हा माणूस संसाराचा निकाल पटावर लावतो! पण चारचौघांत बापाला बोलायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

बाबांचं लक्षच नव्हतं खेळात. बघता बघता त्यांच्याकडे राजा आणि एक प्यादं उरलं. सेठजींची मात समोर दिसत होती, आंधळ्यालाही दिसली असती. सेठजींनी हत्ती उचलला आणि मात सोडून ते प्यादंच मारलं. "लो भाऊसाहब, बुर्जी!" मला हायसं वाटलं. इतकं की सेठजींच्या पायाच पडलो असतो.

तेवढ्यात गर्दीतून एक नवा साहेब, बदली होऊन आलेला, बोलला, "बुर्जी-वुर्जी क्या होती है? किताब में ऐसा कोई नियम नहीं. मात दीजिए."

तुला कुणी विचारलं होतं रे बाबा! सेठजी उसळले, "यहाँ तो यही चलता है!" पण बाबांचा चेहरा बदलला. कुणी आपल्याला भीक घातल्याचं जगासमोर उघडं पडावं, तसा. म्हणाले, "साहेब बरोबर बोलतायत. आता पुस्तकातलंच चालायचं. शह दीजिए, सेठजी." सेठजी हात मागे घेऊन बसले. बाबांनी आवाज चढवला, "दीजिए!"

त्यांनी शह दिला. देता देता राजा कोपऱ्यात अडकला, मात झाली. घरी आल्यावर बाबांनी आईला इतकंच सांगितलं, "जावं लागणार." पटाचं तिला ना त्यांनी सांगितलं, ना मी.

त्याच थंडीत आई गेली. शेवटी शेवटी दाराकडे बघून "आले का?" विचारायची. तार मिळून बाबा पोचले तोवर मी तिला अग्नी देऊन परतलो होतो. अंगावरचा कोटही न काढता ते रिकाम्या खाटेपाशी खाली बसले. सेठजी भेटायला आले, त्यांच्याशेजारी बसले आणि म्हणाले, "भाऊसाहब, मैंने तो बुर्जी दी थी."

बाबांनी मान वर केली नाही. खाटेच्या दोरीवरून हात फिरवत म्हणाले, "हो. पण ती माझी एकट्याची नव्हती, हे माझ्या लक्षात आलं नाही."