उघडू नका म्हणून सांगितलेला मेल

पिशोर गावच्या एका शेतातून आम्ही त्या माणसाला चौकशीसाठी जीपमध्ये बसवले, तो दिवस इतक्या वर्षांनीही माझ्या डोळ्यांसमोर जसाच्या तसा आहे. शेतात आल्याची काढणी चालू होती आणि त्याचे हात कोपरापर्यंत मातीने भरले होते. "साहेब, हात धुतो आन् येतो," एवढेच तो म्हणाला. बांधावर उभ्या असलेल्या त्याच्या बायकोने त्याच्या हातांवर पाणी ओतले. शेजारच्या शेतातले मजूर मात्र काम थांबवून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळले, की आमच्याआधीच बातमी गावात पोहोचली आहे.

तेव्हा मी शहरातल्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. आजच्या छत्रपती संभाजीनगरला तेव्हा औरंगाबाद म्हणत. ईमेल अजून लोकांच्या घरात आलेला नव्हता. तो वाचायला सायबर कॅफेत जाऊन तासावर पैसे मोजावे लागत. या प्रकरणातल्या कोणाचेही नाव मी देणार नाही. यात गुन्हेगार कोणीच नव्हता, त्यामुळे नावे देण्याचे कारणही नाही.

सुरुवात झाली ती शहरातल्या उस्मानपुरा भागातल्या एका निवृत्त कारकुनामुळे. सरकारी कचेरीत आयुष्य घालवलेले हे गृहस्थ एका सकाळी ठाण्यात आले. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी, बोलणे मोजके. त्यांची मुलगी नर्स होती आणि मस्कतच्या एका हॉस्पिटलात नोकरीला होती. पिशोरच्या एका एजंटाने तिला तिथे लावून दिले होते. मुलगी नेमाने ईमेल करायची आणि हे कॅफेत जाऊन तो वाचायचे. गेले काही आठवडे तिचा एकही मेल नव्हता. त्यातच रस्त्याच्या खोदकामात टेलिफोनची केबल तुटल्यामुळे घरचा फोन बंद पडला होता.

"बूथवरून तिच्या हॉस्पिटलला फोन लावला साहेब," ते म्हणाले. "तिथला माणूस म्हणतो, ती इथं नाही. कुठं गेली, माहीत नाही. पोरगी अशी न सांगता जाणारी नाही हो."

"तुमचा कोणावर संशय आहे?"

त्यांनी खाली बघितले. "त्या एजंटावर."

बेपत्ता म्हणून नोंद घेतली आणि मस्कतच्या भारतीय दूतावासाला पाठवायच्या पत्राचा मसुदा करायला सांगितला. दुपारी आमचा एक खबरी आला. त्याची खबर अशी, की एजंटाने शहरातले ऑफिस बंद केले आहे, मुलींचे पासपोर्ट घेऊन तो गावी पळाला आहे आणि तो मुली विकतो.

"विकतो हे तुला कोणी सांगितलं?" मी विचारले.

"सगळा मोहल्ला बोलतोय साहेब."

संध्याकाळपर्यंत एजंटाच्या ऑफिसच्या शटरवर कोणीतरी डांबर फासले. दुसऱ्या दिवशी आम्ही पिशोरला गेलो.

चौकशीत तो माणूस सुरुवातीला गांगरला. त्याच्या बॅगेत खरोखरच पासपोर्टांचा गठ्ठा सापडला होता.

"हे कशाला बाळगतोस?"

"व्हिसाला द्यायचेत साहेब. कागद लागल्याबिगर व्हिसा व्हतो का?"

"मग ऑफिस बंद करून गावी कशाला गेलास?"

"शेतातलं आलं काढणीला आलं होतं. मजूर मिळंना, म्हणून म्या स्वतः गेलो. शटरवर कागद लावून गेलो होतो, चार दिवसांनी येतो म्हणून."

"आणि ती मुलगी?"

"तिचा करार संपला. संपल्यावर ती कुठं गेली, मला नाय माहीत. मला कळवलं नाय तिनं. पण मी तिला काय केलं नाय साहेब. लई चांगली पोरगी व्हती."

'आहे' न म्हणता तो "व्हती" म्हणाला आणि माझ्यासमोरचा हवालदार ताडकन सरळ झाला. माझ्या मनातही क्षणभर तेच आले. पण एका शब्दावरून माणूस पकडायचा नसतो. मी त्याला सगळी हकिकत पुन्हा सांगायला लावली, मग चहा देऊन तिसऱ्यांदा. खोटे बोलणाऱ्याची हकिकत दर वेळी जास्त व्यवस्थित होत जाते, हा माझा अनुभव. याची होत नव्हती. मधलेच काही आठवायचे, मग तो मागे जायचा. "थांबा, ते त्याच्या आधी झालं," असे म्हणून स्वतःच दुरुस्ती करायचा. मी त्याला कोठडीत टाकले नाही, ठाण्यातच बाकावर बसवून ठेवले. हवालदाराला ते पटले नाही. "साहेब, कोठडीतच सुरक्षित राहील हा. बाहेर पडला तर लोक त्याला सोडणार नाहीत," तो म्हणाला. त्याचेही खरे होते. फाटकाबाहेर लोक जमायला लागले होते.

मुलीचा शेवटचा मेल कधी आला आणि त्यात काय होते, हे जबाबात नीट यायला हवे होते. म्हणून मी तिच्या वडिलांना घेऊन त्यांच्या नेहमीच्या कॅफेत गेलो. लहानशी जागा, प्लायवूडचे कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक संगणक. मालक शहरातलाच एक तरुण, बोलणे निम्मे दखनी हिंदी, निम्मे मराठी. आम्हाला बघून त्याने गल्ल्याजवळचा चांगला संगणक दिला.

वडिलांनी एकेक अक्षर शोधत पासवर्ड टाकला. यादी उघडली. मी मागे उभा राहून बघत होतो. त्यांनी सर्वांत वरच्या मेलसमोर खूण केली आणि न उघडताच तो काढून टाकला. त्या हाताला सराव होता, म्हणून माझे लक्ष गेले.

"काका, ते काय काढलंत?"

"व्हायरस आहे तो. सारखा येतोय. आला की मी काढून टाकतो. नातेवाइकांनाही कळवलंय." त्यांनी भिंतीकडे बोट दाखवले.

भिंतीवर मोठ्या अक्षरांत छापलेला एक कागद चिकटवला होता. सावधान! 'न्यू ॲड्रेस' या नावाचा मेल आल्यास चुकूनही उघडू नका. उघडताच संगणकाची हार्ड डिस्क जळून जाईल. हा आजवरचा सर्वांत भयंकर व्हायरस असून त्यावर कोणताही इलाज नाही. जगातल्या सर्वांत मोठ्या कंपनीने काल सकाळीच ही घोषणा केली आहे. हा निरोप ओळखीच्या सर्वांना ताबडतोब पाठवा.

मला संगणकातले तेव्हा काही कळत नव्हते. पण हा मजकूर मला ओळखीचा वाटला. या शहरात नोकरी केलेल्या पोलिसाला अफवा वासावरून कळते. पाण्याच्या टाकीत विष टाकल्याची अफवा उठली होती, तेव्हा मी दारोदार फिरलो होतो. विष कोणीच पाहिले नव्हते. प्रत्येकाला पुढच्या गल्लीतल्या कोणीतरी सांगितले होते, आणि पुढच्या गल्लीत गेलो की तिथले लोक मागच्या गल्लीकडे बोट दाखवत. त्या अफवेतही असेच होते. कोणातरी मोठ्याचे नाव, भयंकर परिणाम, इलाज नाही, आणि आत्ताच्या आत्ता सगळ्यांना सांगा.

मी कॅफेवाल्याला विचारले, "हा कागद कधी लावला?"

"दो महिने हुए होंगे साब."

"मग 'काल सकाळी' म्हणजे कोणती सकाळ?"

तो कागदाकडे बघत राहिला. रोज समोर असलेला तो कागद त्याने बहुधा पहिल्यांदाच वाचला.

"कोणाचं मशीन जळलेलं पाहिलंस?"

"इथं तर नाय जळलं. पुण्यात एकाचं जळलं म्हणे."

"कोणाचं?"

"वो तो मेरेकू मालूम नहीं साब. ज्यानं मेल पाठवला, त्याला माहीत असंल."

मी पोलीस आयुक्तालयातल्या संगणक विभागाला फोन लावला. तिथल्या अधिकाऱ्याला मजकूर वाचून दाखवला, तेव्हा तो हसला. "नुसता मेल वाचून हार्ड डिस्क जळत नाही साहेब. खरे व्हायरस असतात, पण ते बहुतेक सोबत जोडलेल्या फाइलमधून येतात. अशी फाइल असेल तर हात लावू नका. मजकूर असेल तर वाचा."

काढून टाकलेले मेल एका वेगळ्या जागी साठतात, हे कॅफेवाल्याने दाखवले. तिथे 'न्यू ॲड्रेस' नावाचे पाच-सहा मेल होते. फाइल एकालाही जोडलेली नव्हती. पाठवणाऱ्याचे नाव कोणा मल्याळी बाईचे वाटत होते.

"उघड," मी म्हणालो.

"नक्को साब. जळलं तर?"

"तर माझी जबाबदारी. स्टेशन डायरीत तसं लिहितो."

त्याने आधी बाकीच्या संगणकांच्या वायरी काढल्या. गिऱ्हाइके उठून दाराशी जाऊन उभी राहिली. मुलीचे वडील खुर्चीत मागे सरकले. त्यांनी माझी बाही धरली होती. कॅफेवाल्याने सर्वांत जुना मेल उघडला.

काहीही जळले नाही. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत लिहिलेले मराठी आले.

"बाबा, घरचा फोन लागत नाही. माझं मेलचं खातं उघडत नाहीये, म्हणून मैत्रिणीच्या खात्यावरून लिहितेय. करार संपला, मी दुसऱ्या हॉस्पिटलात लागले. पगार बरा आहे. नवा पत्ता आणि फोन खाली दिलाय. आईला सांगा, काळजी करू नको."

वडिलांनी ते पडद्याजवळ वाकून वाचले. मी पुढचे मेल एकेक उघडायला सांगितले. मजकूर छोटा छोटा होत गेला होता. मिळाला का? उत्तर द्या. तुम्ही बरे आहात ना? थोड्या वेळापूर्वी त्यांनी माझ्यासमोर काढून टाकलेल्या मेलमध्ये एकच ओळ होती.

"बाबा, न विचारता नोकरी बदलली म्हणून रागावलात का?"

त्यांनी माउस बाजूला सारला. मग म्हणाले, "या हातानं काढून टाकले साहेब मी. सगळे." कॅफेवाल्याने पाण्याचा ग्लास आणून ठेवला, आणि खुर्चीवर चढून तो कागद भिंतीवरून काढला.

शेजारच्या बूथवरून नव्या नंबरवर फोन लावला. पलीकडे कोणीतरी तिला बोलावून आणले. काचेआड वडील दोन्ही हातांनी रिसीव्हर धरून उभे होते. मला बाहेर एवढेच ऐकू आले: "नाही गं. रागावलो नाही. अजिबात नाही." तेच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

ठाण्यात परतल्यावर मुलगी सुखरूप असल्याची नोंद करून मी बेपत्ताचे प्रकरण बंद केले आणि एजंटाचा जबाब घेऊन त्याला जायला सांगितले. तो उठला नाही.

"मी जातो साहेब. पण आता माझ्याकडं कोण येईल? गावात माझ्या बायकूला लोकं काय म्हणत असतील? तुमी कागदावर लिव्हलं, मी निर्दोष हाये. त्यो कागद लोकं वाचतात का?"

फाटकाबाहेर अजून लोक होते, म्हणून मी हवालदाराला त्याला जीपमधून घरी सोडायला सांगितले.

तो इशारा मुळात कोणी लिहिला, याचा मी थोडा माग काढला. कॅफेवाल्याला तो एका क्लासच्या शिक्षकाकडून आला होता, शिक्षकाला मुंबईच्या मेहुण्याकडून, मेहुण्याला त्याच्या कचेरीतल्या सहकाऱ्याकडून. सगळी भली माणसे. प्रत्येकाने दुसऱ्याचे नुकसान होऊ नये म्हणूनच तो पुढे पाठवला होता, आणि एकानेही खात्री केलेली नव्हती. पुढे माग लागला नाही. एजंट मुली विकतो, ही बातमी मात्र मला शेवटपर्यंत मागे नेता आली. ती उस्मानपुऱ्यातल्या एका ओट्यावर पोहोचली. मुलीच्या वडिलांनी शेजाऱ्याला म्हटले होते, "त्या एजंटानं काही बरंवाईट तर केलं नसेल ना?" ओट्यावरून उतरताना त्यातला प्रश्न गळून पडला होता.

मी हे त्यांना सांगितले. दोष द्यायचा नव्हता, पण त्यांना कळायला हवे असे वाटले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "पिशोरचा बाजार कोणत्या वारी असतो?"

बाजारच्या दिवशी आम्ही एसटीने गेलो. मी साध्या कपड्यांत होतो. एजंटाला सोबत घेऊन ते गृहस्थ बाजारातल्या चहाच्या टपरीपाशी उभे राहिले. आयुष्यभर कचेरीत हळू आवाजात बोललेला माणूस, त्याला मोठ्याने बोलताना त्रास होत होता.

"माझी मुलगी सुखरूप आहे," ते म्हणाले. "यांनीच तिला चांगल्या जागी लावली. यांच्याबद्दल जे ऐकलंत, ते खोटं आहे."

भाजीच्या पाट्या घेऊन बसलेल्यांतला एक म्हातारा म्हणाला, "पर लोकं तर सगळीकडं म्हणत व्हते."

"त्या लोकांत मी होतो," ते म्हणाले. "पहिल्यांदा मीच म्हणालो."

मग चहावाल्याने एजंटासमोर कप ठेवला आणि पैसे घेतले नाहीत. एजंटाने चहा प्यायला आणि तोंड फिरवून रुमालाने डोळे पुसले.

शहरात परतल्यावर ते गृहस्थ कॅफेत गेले. ज्या ज्या नातेवाइकांना त्यांनी तो इशारा पाठवला होता, त्या प्रत्येकाला त्यांनी कळवले, की तो खोटा होता आणि त्यापायी आपल्या घरात काय झाले. खाली स्वतःचे पूर्ण नाव लिहिले.

आता निवृत्तीनंतर लोक मला मोबाइलवर असे इशारे दाखवतात. हा फोटो उघडू नका, हा व्हिडिओ आला तर फोन जाईल, सगळ्यांना कळवा. मी त्यांना विचारतो, हे कोणी पाहिले, कोणत्या तारखेला, आणि तुम्हाला एवढी घाई कोण करतेय? बहुतेकांना तेवढे पुरते. धोके खरेही असतात, अनोळखी फाइल उघडू नये, हेही सांगतो. पण काही जण ओशाळून म्हणतात, "साहेब, मी तर पाठवून बसलो." त्यांना मी उस्मानपुऱ्यातल्या त्या गृहस्थांची गोष्ट सांगतो. खोटा इशारा कोणाच्याही नावाशिवाय गावभर फिरतो. तो खोटा होता हे मात्र कोणीतरी स्वतःच्या नावाने सांगावे लागते, आणि ज्यांना तो पाठवला, त्यांनाच सांगावे लागते.