उलटून बघणाऱ्या वन्सं

सरळ ठेवलेली वस्तू सरळच राहू द्यावी, हे आमच्या वन्संना जन्मात कुणी शिकवलं नाही. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. वय चौतीस, लग्न नाही, आणि हाताला क्षणभर स्वस्थता नाही. बशी दिसली की उलटी, डबा दिसला की उलटा, उशी दिसली की उलटी. माझ्या लग्नात त्यांची माझी पहिली भेट झाली ती आहेराच्या ढिगाशी. एक पातेलं उचलून त्यांनी उलटं केलं, बुडाकडं निरखून बघितलं आणि भरमांडवात सांगितलं, "ह्याच्यावर आदी दुसऱ्याचं नाव हुतं, घासून काढलंय." पातेलं माझ्या सख्ख्या मामांनी दिलेलं होतं. मामा त्यानंतर सांगवीहून आमच्याकडं फक्त दोनदा आले आणि दोन्ही वेळा रोख पाकीट घेऊन आले.

ही खोड डाळिंबाच्या शेडमधून लागली, असं मी पंधरा वर्षं धरून चालले होते. आमचं गाव इंदापूर तालुक्यात, भिगवणच्या अलीकडं. हंगामात शेडमध्ये वन्संसारख्या बायका रांगेनं बसून फळांची प्रतवारी करतात. फळ हातात घ्यायचं, एकदा पुरतं फिरवायचं आणि मग ठरवायचं. वरून लालभडक आणि खाली तेल्या रोगाचा काळा डाग, असं फळ वन्संच्या हातून कधी सुटलं नाही. व्यापारी त्यांना वचकून असतो. शेडपुरतं हे ठीक आहे, पण माणूस शेड घरी घेऊन आला तर घरच्यांनी जायचं कुठं? भिगवणच्या बाजारात त्या मासासुद्धा चार वेळा फिरवून बघतात. एकदा मासेवालीनं शांतपणे विचारलं होतं, "ताई, आता पाय पण चेपून देता का त्याचं?" वन्संनी मासा पाचव्यांदा फिरवला आणि घेतला नाही. मी मात्र लाजेखातर दोन किलो घेतले.

त्यांचं जमत आलेलं लग्नही असंच उलटलं. सोमेश्वरनगरचं स्थळ आलं होतं, मुलगा कारखान्यात कायम, माणसं चांगली. पोहे आत झाले, पाहुणे बाहेर सोप्यात बसले आणि वन्सं उंबऱ्याबाहेर जाऊन मुलाच्या चपला उलट्या करून तळवे बघत बसल्या. उलटी चप्पल म्हणजे घरात भांडण, हे शेंबडं पोरही सांगेल. मुलाच्या आत्यानं ते बघितलं आणि चहा न पिताच सगळे उठले. मी डोक्याला हात लावला. वन्सं म्हणाल्या, "टाच एकाच अंगाला झिजलीय वैनी. त्याच्या कमरंत कायतरी हाय, दाखवाय पायजे." त्यांना स्थळ गेल्याचं काही नव्हतं, त्याच्या कमरेचीच काळजी.

आजारी माणूस तर त्यांच्या तावडीतून सुटूच शकत नाही. शेजारच्या तात्यांचा खुबा मोडला तेव्हा वन्सं न बोलावता रोज तीन वेळा जायच्या आणि त्यांना कुशीवर वळवून यायच्या. तात्या शिव्या घालायचे, वन्सं वळवायच्या. तात्या रडायचे, तरी वळवायच्या. शेवटी गावच्या आशाताई मला म्हणाल्या, की एवढी हौस आहे तर ह्यांना रीतसर शिकायला का पाठवत नाही? बारामतीला एक संस्था नर्सिंग असिस्टंटचं प्रशिक्षण देते. सहा महिने, फी नाही, गणवेश, राहणं, जेवण सगळं देणगीदारांकडून. अट एकच, वय पस्तिशीच्या आत. वन्संना पस्तीस पूर्ण व्हायला चार महिने होते. म्हणजे ही तुकडी सुटली की कायमचं सुटलं.

मी प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळं घरातले सगळे फॉर्म माझ्याच नशिबी. वन्संचा फॉर्म भरायला मला तीन संध्याकाळी लागल्या, कारण मी पुढून भरत होते आणि त्या मागून वाचत होत्या. बारीक अक्षरातल्या अटी आजवर कुणी वाचल्या नसतील, त्या ह्यांनी पाठ केल्या. मुलाखतीला अर्धी रजा टाकून मीच सोबत गेले. तिथं पलंगावर सरावाचा एक पुतळा पांघरूण घालून निजवला होता. मुलाखत घेणाऱ्या मॅडम यायच्या आत, मी त्यांचा पदर ओढत असताना, वन्संनी त्याला पालथा केला. पाठीची शिवण उसवून कापूस बाहेर आला होता. तेवढ्यात मॅडम दारात. "बाई, तो पुतळा आहे," त्या म्हणाल्या. वन्सं म्हणाल्या, "व्हय, पर पाठ बघितली न्हाय ओ कुणी त्याची." संपलं, असं मनात म्हणून मी पर्स उचलली. मॅडमनी मात्र शिपायाला सुईदोरा आणायला सांगितलं, आणि दोन दिवसांनी यादीत वन्संचं नाव लागलं.

आता राहिलं होतं एक संमतीपत्र. वसतिगृहात राहायचं म्हणून घरच्या कर्त्या माणसाची सही हवी होती, शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत. आणि आमचं कर्तं माणूस म्हणजे आबा, माझे सासरे. आबांनी कागद न वाचताच खाटेवर ठेवला. "लोकांची घाण काढाय माझी लेक न्हाय," एवढं बोलून ते मळ्यात गेले. पुढचे सहा दिवस सहीचा पत्ता नव्हता. मी समजावलं, आमच्या ह्यांना समजवायला लावलं. ह्यांनी आबांसमोर बसून पावसापाण्याच्या गप्पा मारल्या आणि उठून आले. वन्सं सगळ्या घरातले डबे पुन्हा पुन्हा उलटे करत राहिल्या. त्या आवाजानं माझं डोकं उठलं होतं, पण त्यांना गप्प बसा म्हणायचा धीर झाला नाही.

गुरुवारी दुपारी आबांनी माझ्याकडं पेन मागितलं. शुक्रवारी सकाळी सही केलेला कागद घडी घालून चहाच्या कपाखाली ठेवलेला होता. मी पुन्हा रजा टाकली आणि आम्ही बारामतीची एसटी धरली. खिडकीशी बसल्या बसल्या वन्संनी घडी उघडली, सही बघितली आणि सवयीप्रमाणं कागद उलटा केला. मी म्हणणारच होते, की आता ह्यालाही डाग आहे का. पण त्या एकदम थांबल्या. मग त्यांनी कागद तसाच उलटा माझ्या मांडीवर ठेवला. मागच्या बाजूला आबांचं वाकडंतिकडं अक्षर होतं.

"तुझ्या आईला मी तीन म्हयने उताणीच ठिवली. पाठ बघाय माझा जीव धजला न्हाय. तू बघितली तवा नववीत हुतीस. लय उशीर झाला हुता. माझं चुकलं. तू जा."

माझ्या सासूबाई मी लग्न होऊन यायच्या आधीच गेल्या होत्या. आजारी होत्या, एवढंच मला सांगितलं होतं; पडून पडून पाठीला जखमा झाल्याचं कुणी बोललं नव्हतं. पंधरा वर्षं मी ह्या बाईच्या हातातून बश्या हिसकावून घेत होते आणि डाळिंबांना दोष देत होते. मला स्वतःची फार लाज वाटली. आबांना तोंडानं बोलता आलं नाही, म्हणून त्यांनी जिथं लेक हमखास बघणार तिथं लिहिलं.

हे सगळं खरं असलं तरी संस्थेच्या कारकुनाला त्याचं काय? त्यानं मागची बाजू बघून कागद परत केला. मागं कोरं पाहिजे, म्हणाला. मी पुढच्या बाजूची झेरॉक्स देते म्हटलं, तर त्याला मूळ सहीच हवी होती; मागचं खोडू म्हटलं, पण वन्संनी कागद ब्लाउजात घातला आणि सांगितलं, "ह्यो मी कुणाला देत न्हाय. नाव कापलं तरी चालंल." घ्या. सहा दिवस उपाशी राहिल्यासारखं ज्याची वाट बघितली, तेच आता कापलं तरी चालणार होतं. मी त्यांना तिथंच बाकावर बसवलं, नवा कोरा फॉर्म घेतला, एसटीची वाट न बघता मिळेल त्या जीपनं गाव गाठलं. आबा गोठ्यात होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी धोतराला हात पुसले, सही केली, मग कागद स्वतःच उलटा करून कोऱ्या बाजूकडं बघितलं.

"वाचलं का तिनं?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. "मग आता मागं लिवायचं काय ऱ्हायलं न्हाय," म्हणत त्यांनी कागद माझ्या हातात दिला. मी पाचला दहा मिनिटं कमी असताना कारकुनाच्या टेबलावर तो आपटला.

वन्सं आता बारामतीच्या वसतिगृहात असतात. रविवारी फोन येतो. माझी चौकशी नाही, पोरांची नाही, पहिला प्रश्न एकच, आबांच्या टाचा बघितल्या का. मी वैतागून म्हणते की टाचा अंथरुणाला खिळलेल्यांच्या बघायच्या, आबा चांगले चालतेफिरते आहेत. तरी फोन ठेवून खाटेपाशी जाते. आबा काही न विचारता पाय वर करून दाखवतात.

घरातल्या सगळ्या वस्तू आता ठेवल्या तशा सरळ असतात. मला करमत नाही.