चापावरची पितळी कडी

मित्रहो, आज दारव्ह्याला गेलतो. परतल्यापासून मन कशातच लागत नाही, म्हणून लिहितो.

रानडुकरांसाठी घेतलेली वडिलांची परवान्याची बंदूक आहे. तिच्या चापाभोवतीची पितळी कडी तडकली, म्हणून तिथल्या वसंताकडे दुरुस्तीला दिली होती. वसंता बंदुकांचा परवानाधारक कारागीर, शाळेत माझ्याच बाकावरचा. कविता आम्ही एका सुरात म्हणायचो.

आज त्याने दोन नव्या कड्या समोर ठेवल्या. पोलादी रुंद होती, तिच्यात बोट मोकळं राहायचं. पितळी मात्र घरची वाटली. म्हटलं, “जुनी आण, शेजारी ठेवून पाहू.”

“ते भांडेवाल्याकडे मोडीत देल्ली बाप्पा. फुटकं पितळ कायले ठेवा लागते?”

त्या कडीवर माझं नाव होतं. निरक्षर वडिलांनी माझ्या पाटीवरून पाहून खिळ्याने कोरलेलं, वाकडंतिकडं. वसंताला ते ठाऊक होतं. जुनी कडी जपून ठेव, असं मी बजावलंही होतं.

“नव्या कडीवर मशीननं नाव टाकून देतो न,” तो म्हणाला. “अक्षर बी चांगलं येईन.”

बंदूक तशीच, कडीविना आणून कुलपात ठेवली. वसंताचा फोन सारखा वाजून राह्यला आहे. तुम्ही उचलला असता का?