दोन नारळ एकाच हातात

आमच्या बिल्डिंगमध्ये गणपती एकच बसतो, तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. बिल्डिंग कंपनीची. नवरे सगळे मस्कतजवळ रुसैलच्या कारखान्यात. सकाळी कंपनीची बस घेऊन जाते, संध्याकाळी आणून सोडते. मराठी घरं थोडीच, आणि बहुतेक कोकणातली, म्हणून पद्धतही गावचीच लावलेली होती. विसर्जनाच्या दिवशी पुढच्या वर्षाचे दोन कारभारी निवडायचे आणि दोघांच्या हातात एकेक नारळ द्यायचा. वर्ष संपलं की दुसरे दोघे. दोघांपैकी एकाने जरी "थांबा, हे नको" म्हटलं तरी ते काम थांबायचं. त्यावरून भांडणंही व्हायची. एका वर्षी मखर कसलं करायचं यावरून दोघे कारभारी एकमेकांशी बोलेनात, आणि शेवटी गणपती एका साध्या चादरीसमोर बसला. बायका इतक्या वैतागल्या होत्या! आता मात्र ते वर्ष मला फार चांगलं वाटतं.

मग एका वर्षी मोठा पाऊस झाला. आमच्या मागची वादी, म्हणजे कोरडा ओढा, एरवी नुसती दगडगोट्यांची असते, बकऱ्या फिरतात तिच्यात. ती एका दुपारी भरून आली आणि पाणी हॉलमध्ये शिरलं. एक कारभारी तेव्हा रजेवर गावाला गेलेले. दुसरे होते भाऊ. त्यांना सगळे भाऊच म्हणतात, वयाने मोठे असोत की लहान. कंपनीत ते स्टोअरला आहेत. त्या दिवशी भाऊंनी कोणाला विचारलं नाही. तू वर जा, तू गाडी काढ, तू पाण्याच्या बाटल्या आण, असं सांगत सुटले, आणि सगळ्यांनी ऐकलं. माझी मुलगी तेव्हा लहान होती, खाली जिन्यापाशी अडकली होती. तिला कमरेएवढ्या पाण्यातून वर आणलं ते भाऊंनीच. हे मी विसरलेली नाही.

पाणी ओसरल्यावर बैठक झाली. सगळे म्हणाले, "भाऊ, आता सगळं तुम्हीच बघा. सहा महिने. घडी बसेपर्यंत." भाऊ नको नको म्हणत होते. खरंच म्हणत होते, मी शेवटच्या ओळीत चपलांजवळ बसले होते, मला दिसत होतं. सहा महिने झाले. मग गणपती आले. विसर्जनाला दोन्ही नारळ ताटात होते, आणि कोणीतरी म्हणालं, "दुसरा कशाला शोधायचा? भाऊ आहेत ना!" दोन्ही नारळ त्यांच्याच हातात दिले. टाळ्या वाजल्या. पुढच्या वर्षीही तसंच झालं. त्याच्या पुढे तर कोणी बोललंसुद्धा नाही, ताट सरळ त्यांच्यापुढेच गेलं.

भाऊ वाईट माणूस आहेत असं मला म्हणायचं नाही. ते रागावत नाहीत. बैठक अजून घेतात, सगळ्यांना चहा देतात, शेवटी विचारतात, "बोला, कोणाला काही म्हणायचंय?" आणि कोणाला काही म्हणायचं नसतं.

एकदाच एकाला होतं. आमच्या समोरच्या दारातले शेजारी, मोठे चेष्टेखोर. हसत हसत म्हणाले, "भाऊ, यंदा एक नारळ आम्हालाही द्या की. तुमचे हात दुखत असतील!"

सगळे हसले. भाऊही हसले. "घ्या की! कोण घेतंय, पुढे या," म्हणाले. कोणी पुढे आलं नाही. शेजारीही नाही.

फॅमिली फ्लॅट कोणाला ठेवायचा आणि कोणाला नाही हे अर्बाब ठरवतो, म्हणजे आमचा मालक. पण अर्बाबकडे बिल्डिंगच्या वतीने बोलायला जातात ते भाऊ. पुराच्या वेळी सुरू झालं, ते तसंच राहिलं. त्या वर्षी समोरच्या शेजाऱ्यांचा फ्लॅट पुढे वाढवून मिळाला नाही. ते बॅचलर कॅम्पात गेले, एका खोलीत चार जण. बायको मुलांना घेऊन गावाला गेली. भाऊंनी काही केलं असं कोणी पाहिलं नाही. कंपनीला खर्च कमी करायचा असेल. असेलच. पण तेव्हापासून भाऊ जिन्यात भेटले की मी भिंतीला लागून त्यांना वाट देते.

यंदा आमच्या फ्लॅटची पाळी होती. गणपतीनंतर मुदत वाढवल्याचा कागद यायचा होता. तो नाही आला तर मी आणि मुलगी गावाला, आणि हे कॅम्पात. मुलगी अकरावीत आहे. मधेच शाळा सोडून ती कुठे जाणार? मला दुसरं काही सुचत नव्हतं. देवापुढे हात जोडले तरी तेच.

भाऊंनीच सुरू केलेला एक नियम आहे. गणपतीत प्रत्येक मुलाने उभं राहून मराठीत बोलायचं. चांगला नियम आहे. मुलं शाळेत इंग्लिश बोलतात, मराठीत अडखळतात. मुलगी म्हणाली, "आई, मी बस स्टॉपवरच्या वर्कर्सवर बोलू? दुपारी उन्हात उभे असतात ते?"

माझ्या हातातलं काम थांबलं. "नको गं बाई! अर्बाबच्या कानावर गेलं तर? जुनं काहीतरी घे. लांबचं. ज्याचं कोणाला काही वाटणार नाही असं."

तिने शोधलं आणि म्हणाली, "रोम? टू थाउजंड इयर्स आधीचं आहे."

दोन हजार वर्षं! मला एवढं बरं वाटलं. राजेराण्यांची गोष्ट असेल म्हटलं. पाणीबिणी प्यायले.

ती इंग्लिशमधून वाचायची आणि शब्द अडला की मला विचारायची. मी कधी मेथी निवडत असायची, कधी नारळ खवत.

"आई, त्यांनी किंगला हाकलून दिलं. मग दर वर्षी दोन लोक निवडायचे, दोघांना सेम पॉवर. त्यांना काय म्हणू?"

"कारभारी म्हण."

"आणि मोठे लोक बसून डिसाइड करतात ते?"

"मंडळ."

मधे एक दिवस गेला. मग परत, "आई, इमर्जन्सी आली की सगळं एकालाच द्यायचे. फक्त सिक्स मन्थ्स. मग त्याने परत द्यायचं. हे कसं सांगू?"

"अडचणीच्या वेळी सगळं एकाच्या हातात द्यायचे, सहा महिन्यांसाठी. असं सांग."

मी चौथीपर्यंत शिकलेली. मुलगी मला काही विचारते याचाच मला आनंद होता. मी सुटे सुटे शब्द देत गेले. अख्खं भाषण एकदाही ऐकलं नाही.

ते ऐकलं हॉलमध्ये, सगळ्यांबरोबर.

मुलं एकेक बोलून गेली. कोणी मोबाईलचे तोटे सांगितले, कोणी झाडे लावा. मग माझी उभी राहिली. आवाज खणखणीत. "रोम नावाच्या शहरात राजा नव्हता. ते दर वर्षी दोन कारभारी निवडायचे. एकाने नको म्हटलं की दुसऱ्याला थांबावं लागायचं. भांडणं व्हायची, पण लोक म्हणायचे, भांडणं चालतील, राजा नको."

पुढे बसलेल्या एका वहिनींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं.

"अडचण आली की मंडळ सगळं एकाच्या हातात द्यायचं, सहा महिन्यांसाठी. मग एक सेनापती आला. त्याने लढाया जिंकल्या होत्या, लोकांना तो आवडायचा. त्याने खूप कामं केली. मंडळाने त्याला आधी थोड्या दिवसांसाठी सगळं दिलं, मग दहा वर्षांसाठी, मग मरेपर्यंत. त्याने मागून घेतलं नाही असं म्हणतात. त्यांनीच दिलं."

हे पुरुषांत पहिल्या ओळीत बसले होते. मला त्यांची फक्त मान दिसत होती, ती लाल झालेली. भाऊ खुर्चीत, मांडीवर हात ठेवून, चेहऱ्यावर नेहमीचं हसू. मला पुढचं माहीत होतं. पुढे त्या सेनापतीला मंडळाच्या बैठकीतच मारतात. 'भर बैठकीत मारलं' हे शब्दही मीच दिलेले. ती आता ते भाऊंच्या समोर उभं राहून म्हणणार होती.

मी उभी राहिले. त्या हॉलमध्ये मी कधी तोंड उघडलेलं नाही. "आरतीची... आरतीची वेळ झाली," असं काहीतरी म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

भाऊ वळले. "वहिनी, बसा हो. होऊ दे पोरीचं. चांगलं बोलतेय." मग तिला म्हणाले, "मग पुढे काय झालं गं?"

"त्याला मारलं," मुलगी म्हणाली. "मंडळातल्याच लोकांनी. त्यांना वाटलं, आता परत पहिल्यासारखं होईल. पण झालं नाही. सगळे आपसात लढत राहिले. मग त्याच्याच नात्यातला एक तरुण आला, त्याने मुलगा मानलेला. तो हुशार होता. तो कधी स्वतःला राजा म्हणाला नाही. मंडळ भरायचं, कारभारी निवडायचे, नावं सगळी तीच. फक्त हात वर करायच्या आधी सगळे त्याच्याकडे बघायचे. धन्यवाद."

कोणी टाळी वाजवली नाही. सगळे भाऊंकडे बघत होते. भाऊंनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या, खूप वेळ.

घरी आल्यावर हे शर्टाची बटणं सोडता सोडता मला एवढंच म्हणाले, "कोणी काय विचारला तर तू गप ऱ्हव." आणि मुलीला, "तुका दुसरा काय गावला नाय?"

"पप्पा, ते रोमचं होतं!" ती रडकुंडीला आली. तिला खरंच कळलं नव्हतं, की कळलं होतं, हे मी अजून सांगू शकत नाही. विचारायची माझी हिंमत झालेली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊ आमच्याकडे आले. ते कोणाच्या घरी सहसा जात नाहीत. मी दार उघडलं आणि दार धरूनच उभी राहिले. ते आत येऊन बसले, चहा मागितला, साखर कमी. मी आत चहा टाकला आणि कान बाहेर. हे "हो भाऊ, हो भाऊ" करत होते.

"तिला बोलवा जरा," भाऊ म्हणाले. मुलगी आली. "तो दुसरा, तरुण. त्याने किती वर्षं राज्य केलं?"

"चाळीसेक. मरेपर्यंत."

"लोक सुखी होते ना?"

"हो काका. लढाया बंद झाल्या. रस्ते झाले, धान्य मिळायचं."

"मग!" भाऊ हसले. मांडीवर थाप मारली. "हे नाही सांगितलंस काल. अर्धीच गोष्ट सांगितलीस."

"काका, अजून थोडं आहे. तो गेला तेव्हा आधीचं कसं होतं ते पाहिलेली माणसं जवळजवळ उरली नव्हती. त्यामुळे परत मागायचं काय, तेच कोणाला आठवत नव्हतं."

मी चहा घेऊन बाहेर आले होते. कप टीपॉयवर ठेवला. भाऊंनी उचलला. सावकाश प्यायले. चहा संपेपर्यंत आम्ही तिघं उभेच होतो. आपल्याच घरात आपण उभे आहोत हे नंतर माझ्या लक्षात आलं.

"हुशार आहे पोरगी," ते यांना म्हणाले. "इथे कशाला अडकवून ठेवलीय? गावाला चांगली कॉलेजं आहेत." मग जरा वेळाने, "बघू. तुमचा कागद अर्बाबच्या टेबलावर आहे. मी बोलतो. इन्शाल्ला होईल." दारात चपला घालताना मागे न बघता म्हणाले, "पुढच्या वर्षी भाषण आधी मला म्हणून दाखवायचं हां. मुलांचं मराठी कच्चं असतं, चुका होतात."

"हो भाऊ," मी म्हणाले. यांच्या आधी, मुलीच्या आधी. कोणी विचारायच्या आत. आणि खरं सांगायचं तर म्हणताना मला सुटल्यासारखं वाटलं. जणू कागदच हातात पडला.

कागद पुढच्या आठवड्यात आला. फ्लॅट एक वर्ष वाढवून मिळाला. विसर्जन त्याआधीच झालं होतं, नेहमीसारखं.

त्या संध्याकाळी भाऊ गेल्यावर दार लावून मी आत आले तेव्हा मुलगी तिथेच उभी होती.

"आई, आपण त्यांना घाबरतो का?"

"नाही गं. मोठे आहेत, मान देतो."

तिने माझा हात हातात घेतला, तळवा उलटा करून पाहिला. घामाने ओला होता. मी तो काढून पदराला पुसला आणि भात लावायला आत गेले.