मेपलचा माथा

जर्मनीत, ब्राउनश्वाइगच्या आमच्या घरामागे मेपलचं मोठं झाड आहे. त्याचा माथा मी उडवून घेतला, हे बायकोला ठाऊक होतं. का, ते मात्र तीन वर्षं तिला खोटंच ठाऊक होतं. खरं कारण मलाही धड सांगता येत नाही, तरी लिहितो.

तेव्हा सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. वाऱ्यात झाड हललं की खिडकीपासून उठून आत जायच्या. "अहो, वरून निम्मं उडवा ना. आमच्या सोसायटीत दर मे महिन्यात उडवतात. परत फुटतं की!" मी "हो, करून टाकू" म्हणून बसलो.

बायको नोकरीसाठी सोमवार ते शुक्रवार कोलोनला असायची. तिने फोनवर बजावलं, "आधी जाणकाराला विचार. मला ती सावली हवीये." सुट्टीच्या दिवशी ती त्या झाडाखालीच खुर्ची टाकून बसायची.

बाउमफ्लेगर आला; म्हणजे दोर बांधून झाडावर चढणारा, झाडांची निगा राखणारा माणूस. माथा कापू नका, म्हणाला. एवढ्या जखमा भरत नाहीत, आत कूज धरते, आणि वर येणारे फुटवे इतके कच्चे असतात की पुढे तेच वाऱ्यात मोडतात. त्यापेक्षा वाळलेल्या फांद्या काढू, आतली गर्दी जराशी विरळ करू, छपरावर आलेली फांदी तिला फुटलेल्या उपफांदीपर्यंत आखूड करू. मी जर्मनमध्ये "या, या, गेनाऊ", म्हणजे हो हो, अगदी बरोबर, करत होतो. सगळं कळत होतं.

आत आलो तर सासूबाई, "काय म्हणाला हो?"

"कापू म्हणाला."

संध्याकाळी बायकोलाही फोनवर तेच सांगितलं. मग बागा साफ करणारा भलताच एक जण गाठला. त्याने दुपारपर्यंत माथा खाली आणला.

सासूबाईंची भीड पडली? की त्यांना परत समजावत बसायचा कंटाळा आला? कंटाळ्यापायी कोणी असं करतं का?

पुढच्या उन्हाळ्यात बायकोने खुर्ची भिंतीच्या कडेला ओढली. "जाणकार म्हणाला ना, मग बरोबरच असेल," असं स्वतःलाच समजावायची.

तिसऱ्या वर्षी मनगटाएवढा जाड एक फुटवा मोडून अंगणात पडला. बायको भडकली. "त्याच माणसाला बोलावते. असा कसा सल्ला दिला म्हणून विचारते." तिने फोन हातात घेतला, तेव्हा मी बोललो. "त्याने नको म्हणून सांगितलं होतं."

तिने फोन खाली ठेवला. म्हणाली, "अरे, आईला सांगितलं असतंस तर तिने ऐकलं असतं. केलंस का असं?"

"माहीत नाही."

"माहीत नाही काय?"

खरंच माहीत नव्हतं.

तिने त्याला बोलावलंच, आणि झालेलं सगळं माझ्याच तोंडून त्याला सांगायला लावलं. काही फुटवे राखू, बाकीचे दरवर्षी थोडे थोडे काढू, म्हणाला. खोड आतून पोकळ होतंय का तेही बघत राहावं लागेल. झाड जगेल का, यावर त्याने खांदे उडवले.

आता तो यायचा असला की बायको कोलोनहून सुट्टी काढून येते. झाडाखाली उभी राहून त्याचं बोलणं स्वतः ऐकते. मी स्वयंपाकघरात असतो.