सूर्याच्या बाजूचं आभाळ

आमच्या नाशकात सूर्य पाण्यात बुडत नाही, डोंगराआड जातो. अप्पा, म्हणजे माझे वडील, सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर कॅमेरा घेऊन रविवारी गंगापूर धरणावर जायचे, पण मनासारखा सूर्यास्त त्यांना कधी मिळाला नाही. ऐन लाल व्हायच्या वेळी डोंगर मध्ये तडमडायचा. एकदा समुद्रावर जाऊ, असं ते म्हणायचे आणि राहून जायचं.

मग साखरेनं त्यांचे डोळे धरले. नजरेच्या मधोमध काळा डाग आला आणि वाढत गेला. समोरचं माणूस दिसायचं नाही, त्याच्या शेजारची खिडकी दिसायची. कडेचंही किती दिवस दिसेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी गाडी काढली आणि आम्ही समुद्रावर, बोर्डीला निघालो.

त्र्यंबक मागे पडल्यापासून त्यांचा कॅमेऱ्याचा वर्ग सुरू झाला. आयएसओ शंभर, अ‍ॅपर्चर अकरा. व्हाइट बॅलन्स ढगाळवर, म्हणजे लाली टिकते. उजेड सूर्यावर मोजायचा नाही, नाहीतर सगळं काळं पडतं. त्याच्या बाजूच्या आभाळावर मोजायचा, तेवढंच सेटिंग धरून ठेवायचं आणि मग सूर्य चौकटीत आणायचा. हे मला पाठ झालंय, असं मी वैतागून म्हटलं. तरी जव्हार येईपर्यंत त्यांनी ते पुन्हा सांगितलं.

किनाऱ्यावर त्यांनी मला कशालाही हात लावू दिला नाही. ट्रायपॉड रोवला, बोटांनी चाचपून बटणं लावली आणि फोटो काढत सुटले. मी मागे थर्मास घेऊन उभी होते. फार दिवसांनी ते खुशीत दिसत होते.

"बघ, आला का?" त्यांनी विचारलं.

मी स्क्रीनवर एकेक फोटो पाहिला. रिकामं आभाळ, पाणी, एका होडीचं टोक. सूर्य एकाही फोटोत नव्हता. तो दिसावा म्हणून त्यांना त्याच्या बाजूला बघावं लागत होतं, आणि नजर जाईल तिकडे त्यांचा हात कॅमेरा वळवत होता.

छान आलाय, असं मी म्हटलं.

"छान म्हणजे कुठे आलाय? डावीकडे की उजवीकडे?"

मी पुन्हा पहिल्या फोटोपासून बघायला लागले. अप्पांनी माझा हात शोधला आणि कॅमेऱ्यावर ठेवला. घरात कुणालाही त्यांनी तो कधी हाताळू दिला नव्हता.

"तू काढ," ते म्हणाले आणि बाजूला झाले.

मी काढले, ते सांगत होते तसेच. त्यांच्या डोळ्यांचा राग येत होता आणि धरणावर घालवलेल्या त्या सगळ्या रविवारांचाही. रडू आवरत नव्हतं. ते त्यांना ऐकू जात असणार, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. फोटो पुरे झाले, आता कसा दिसतोय ते सांग, म्हणाले. मी सांगायला लागले: खाली केशरी आहे, वर जरा गुलाबी.

"रंग नको सांगू. रंग आठवतात मला. किती उरलाय ते सांग."

अर्धा, मी म्हणाले. मग पाव. मग नखाएवढा.

मग मी काही बोलले नाही. अप्पा थोडा वेळ वाट बघत उभे राहिले. मग त्यांनी चष्मा काढला, मिटला आणि खिशात ठेवून दिला.