हळदीचा वाघ

मोहरमात वाघ व्हायचा नवस आमच्याकडं हिंदूंच्या घरातही बोलतात. कुरुंद्याला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीनं तो आपल्या पोरीसाठी बोलला होता. अक्काची पहिली दोन लेकरं वर्षाच्या आत गेली. तिसरी ही. ती तापानं फणफणली तेव्हा अक्कानं सवारीच्या पंजापुढं पदर पसरला, "हिला जगू द्या, पाच वर्षांची झाली की वाघ करून नाचवीन." पोरगी जगली, पण अक्का पार भित्री झाली. लेकराला कुणी गोड म्हटलं की ती त्याच्यावर पदर टाकून आत न्यायची. गालावरची तीट कधी पुसू दिली नाही. तिचं स्वतःचं तोंडही कौतुकाला कधी उघडलं नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, तेव्हा पोरगी पाचाची झाली. वाघ रंगवणारा दर मोहरमला वसमतहून यायचा, तो ऐन वेळी आजारी पडला. झालं! अक्का रडायलाच लागली. "नवस फिटला न्हाई तर गं?" एवढंच तिचं चालू. मी तेव्हा विशीतली, मोहरमसाठी अक्काकडं आलेली, तोंडानं फटकळ, आणि रांगोळीत माझा हात धरणारं कुणी नव्हतं. म्हणाले, "रडतीस काहून? मी रंगवते की. पिवळा रंग काय इकत आणायचाय? घरात पोत्यानं हळद पडलीय."

पोरीला ओसरीवर पाटावर बसवलं. हळद तेलात कालवून तोंडभर लावली. तव्याच्या काजळीनं पट्टे ओढले, नाक काळं केलं. खरं सांगते, इतका देखणा वाघ त्या गावानं पाहिला नसेल. मी तर अशी फुगले! आता राहिल्या मिशा आणि तोंडाभोवतीचा पांढरा भाग. पांढरा रंग कुठून आणायचा? भाऊजींची पानाची डबी दिसली. त्यातला चुना पातळ केला आणि दिला ओढून.

अगं बाई! बघता बघता ओठांभोवतीचं सगळं लालभडक. हळदीत चुना पडला की कुंकू होतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि मी हळद उकडण्यात जन्म गेलेल्या घरची! चुना झोंबायला लागला तशी पोरगी चुळबुळली. तेलाच्या बोळ्यानं घाईघाईनं पुसला, पण लाली जाईना, उलट हनुवटीपर्यंत पसरली. बाहेर हलगी वाजायला लागली होती.

अक्कानं पाहिलं आणि पोरीला जवळ ओढलं. "काय केलंस गं हे? रक्तच दिसून राहिलंय. माझ्या लेकराच्या तोंडाला रक्त!" मला लाज वाटली, भीतीही वाटली. पोरीला पुढं नुसती शिंक आली असती, तरी बोल माझ्याच माथी आला असता.

तेवढ्यात सवारी सांभाळणारे मुजावरचाचा वाघाला न्यायला आले. अक्का हात जोडून म्हणाली, "चाचा, असला वाघ चालंल का? नवस पोचंल का?"

म्हाताऱ्यानं पोरीची हनुवटी वर केली, नीट निरखून पाहिलं. "चालंल की. शिकार करून, पोटभर जेवून आलाय. उपाशी वाघ काय नाचणार?"

पोरीनं हे ऐकलं मात्र, पाटावरून उडीच मारली. हाताचे पंजे उगारून ओरडली, "मी आख्खी बकरी खाल्ली!"

मग काय विचारता! ती हलगीपुढं नाचत होती आणि भेटेल त्याला सांगत होती. पाराजवळ पोचेपर्यंत तिनं दोन म्हशीही खाल्ल्या होत्या. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी अक्काकडं पाहायला भीत होते.

पाराजवळ अक्कानं एकदम पोरीला उचलून खांद्यावर घेतलं आणि साऱ्या गावासमोर मोठ्यानं म्हणाली, "बघा गं, माझं लेकरू किती गोड हाय!"

म्हटलं आणि जीभ चावली. भेदरून इकडंतिकडं पाहिलं. पोरीच्या तोंडावर तीट लावायलाही जागा उरली नव्हती. मग तिनं तेच पुन्हा एकदा म्हटलं.